पन्नास होल्डर

लहानू खोब्रागडे आमच्या कारखान्यात लागला तेव्हा वेल्डर होता. चांगला वेल्डर होता. नागपुरात हिंगणा रोडवरचा तो कारखाना वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर आणि वेल्डिंगची जळती कांडी पकडायचे होल्डर बनवायचा. मी तिथे स्टोअरकीपर. मला सगळे मारोतराव म्हणत.

बावीस वर्षं कांडीच्या उजेडाकडे पाहून लहानूचे डोळे गेले. एकदम नाही. बहात्तर साली त्याला एका सांध्याच्या जागी दोन सांधे दिसायला लागले, तेव्हा त्याने स्वतःच जाऊन मधुसूदन साहेबांना सांगितलं. मधुसूदन साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी त्याला काढलं नाही. शेडच्या टोकाला खिडकीजवळ एक टेबल दिलं. बाजारातून खराब होऊन परत आलेले होल्डर त्या टेबलावर यायचे. लहानूने ते खोलायचे, पितळेचा भाग वितळवायला वेगळा काढायचा आणि जळालेल्या मुठी फेकून द्यायच्या.

त्याने मुठी फेकल्याच नाहीत. टेबलाखाली रांगेने मांडून ठेवायला लागला. आम्ही हसायचो. दोन-तीन महिन्यांनी तो स्टोअरच्या जाळीशी येऊन उभा राहिला.

"मारोतराव, इकडं या जरा. एक गोष्ट दाखवतो."

मी गेलो. त्याने एक-एक मूठ उचलून माझ्या हातात दिली. नजर अधू होती, पण बोटांना सगळं समजायचं.

"हे पाहा. हेही. हेही. सगळ्या एकाच जागी जळल्या. अन् आतून जळल्या. वरतून काहीच दिसत नाई."

मग त्याने मला समजावून सांगितलं. आमच्याकडून होल्डर केबल जोडूनच जायचा. ती केबल मुठीच्या मागून आत शिरायची आणि आतल्या पितळेला एका स्क्रूने दाबून बसवलेली असायची. केबल म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारांचा झुबका. स्क्रू त्या तारांवर टोकाने बसायचा. आज घट्ट वाटायचा. पण काम सुरू झालं की गरम-थंड होऊन तारा दबत, पसरत, आणि स्क्रू सैल पडायचा. सैल जोड तापतो. तापला की मूठ आतून करपते, आणि करपलेल्या मुठीचा शेवटी कोळसा होतो. कोळशातून करंट जातो.

"मंग वेल्डरच्या हातात काय राह्यलं?" लहानू म्हणाला. "त्याले वाटते मूठ धरली. त्याने करंट धरलेला असते."

उपाय त्याने आधीच शोधून ठेवला होता. तारांच्या झुबक्यावर तांब्याच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चढवायचा, तो प्रेसमध्ये दाबायचा आणि स्क्रू त्या नळीवर टेकवायचा. एकाऐवजी दोन स्क्रू, त्यांच्याखाली स्प्रिंगचा वायसर. बस.

मधुसूदन साहेब माणूस वाईट नव्हते. स्वतः इंजिनिअर होते, त्यांना ते पटलं. म्हणाले, "पन्नास बनव. कोणाला तरी वापरायला दे. उन्हाळा काढू दे त्यांना. मग बोलू."

लहानूने ते पन्नास होल्डर एकट्याने बनवले. नळी मीच त्याला काढून दिली. नव्या होल्डरची ओळख पटावी म्हणून त्याने पितळेवर चांदणीसारखा लहानसा तारा ठोकायचा ठसा मागितला, तोही मी करवून घेतला. बाहेरून बाकी काही फरक नव्हता.

वापरायला द्यायचे कोणाला, याचा विचार त्याला करावा लागला नाही. नत्थूजी शेंडे इंदोऱ्यात त्याच्या शेजारच्या गल्लीत राहायचा. छप्पन साली दोघांनी पांढरे कपडे घालून एकाच रांगेत दीक्षा घेतली होती, आणि वेल्डिंगही एकाच उस्तादाकडे शिकले होते. नत्थूजी कामठी रोडवरच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. तेलाच्या, पाण्याच्या मोठ्या लोखंडी टाक्या. आतला सांधा मारायला माणसाला टाकीत उतरावं लागे. त्या कामाला तिथे नत्थूजीसारखा हात नव्हता.

नत्थूजीची एक सवय होती. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो होल्डरचा स्क्रू आवळायचा, आणि मग मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायचा. सोबतच्या पोरांनाही गुंडाळायला लावायचा. लहानू होल्डर घेऊन गेला त्या शनिवारी मीही त्याच्यासोबत होतो. नत्थूजीने नवा होल्डर हातात घेतला, उलटून पाहिला आणि खिशातून पट्टी काढली.

"याच्यावर नको गुंडाळू," लहानू म्हणाला.

"काहून?"

"मूठ गरम झाली तर हाताले समजली पाह्यजे. पट्टी असली तर कसं समजन? मले तेच तर पाह्यचं आहे."

"अन् मले शॉक लागला तर?"

"नाई लागत. म्या बनवला आहे ना गा."

नत्थूजी हसला. पट्टी परत खिशात घातली. "तुले इतका भरोसा आहे तर ठीक आहे. मी मेलो तर रंभाले तू सांगजो."

त्या बोलण्यावर आम्ही तिघंही हसलो होतो. ते मला आठवतं.

मार्चपासून जुलैपर्यंत लहानू दर शनिवारी सायकलने कामठी रोडला जायचा. प्रत्येक होल्डरला हाताची उलटी बाजू लावून पाहायचा. मे महिन्यात तिथलं पत्र्याचं छप्पर असं तापे की वेल्डरच्या बनियनला मीठ फुटायचं. पण मुठी थंड. चार महिन्यांत पन्नासांतला एकही परत आला नाही. शेवटी त्याने एक होल्डर आरीने उभा चिरला आणि मधुसूदन साहेबांच्या टेबलावर ठेवला. आतलं तांबं नवं असावं तसं लाल होतं.

त्या संध्याकाळी रंभाबाईने भजी तळली. ती नत्थूजीची बायको. लहानू कधी बोलत नसे, त्या दिवशी पुष्कळ बोलला. म्हणाला, माझे डोळे गेले ते गेले, पण आता इतक्या लोकांचे हात वाचतील. नत्थूजी म्हणाला, "मी तर पट्टीच फेकून दिली. पोरायलेही सांगितलं, तारा पाहा अन् बिनधास्त धरा. जुनं आता काही करायची गरज नाई."

"नाईच," लहानू म्हणाला.

दिवाळीच्या आसपास एका मोठ्या सरकारी खरेदीचं टेंडर निघालं. राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांना त्यातून होल्डर जाणार होते, कामठी रोडचाही त्यात होता. नमुने तपासायला इन्स्पेक्टर आले. आमच्या शेठने लहानूचे होल्डर पुढे केले. इन्स्पेक्टरने सलग करंट सोडून ठेवला, हात लावला, मान हलवली. दुसऱ्या कंपन्यांचे नमुने दुपारपर्यंतही टिकले नव्हते. तपासणीच्या कागदावर बनवणाऱ्याची सही हवी होती. लहानूने मराठीत सही केली, पूर्ण नाव, सावकाश.

ऑर्डर आम्हाला मिळाली.

आठवड्याने तो स्टोअरमध्ये आला. "नळी किती मागवली मारोतराव?"

मी म्हणालो, अजून मागणी आली नाही.

तो साहेबांकडे गेला. परत येऊन म्हणाला, "पहिला माल जुन्याच पद्धतीचा जाईन म्हणते. तारीख जवळ आहे. नळी पुढच्या मालापासून." त्याला ते पटलं. नळी कापायला, दाबायला वेळ लागतो हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. जुना माल बिनताऱ्याचा जाईल, वेल्डर ओळखतील, पट्टी गुंडाळतील, असं तो धरून चालला.

त्यानंतर चार दिवसांनी जोडणीच्या शेडचा सुपरवायझर माझ्याकडे आला आणि त्याने ताऱ्याचा ठसा मागितला. नमुना ताऱ्याचा पास झाला होता, म्हणून मालावर तारा हवाच होता. मी कपाटातून ठसा काढून दिला. नळी आलेली नाही हे मला माहीत होतं. शेडमध्ये काय चाललं आहे हेही मला समजत होतं. मी लहानूला सांगितलं नाही. सांगू की नको असा विचारही मी फार वेळ केला नाही. माझं काम मागितलेली वस्तू देण्याचं होतं.

पुढचा माल निघाला. त्याच्या पुढचाही निघाला, कामठी रोडलाही गेला. नळीची मागणी आली नाही.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात, वीस-बावीस तारीख असेल, नत्थूजी टाकीत गेला. सकाळची दहाची वेळ. पोरं बाहेर होती. आतून उजेड येणं थांबलं, तर त्यांना वाटलं कांडी बदलत असेल. थोड्या वेळाने एकाने वाकून पाहिलं. नत्थूजी टाकीच्या गोल पोटाला पाठ टेकून बसला होता, घामाने ओला, आणि होल्डर त्याच्या मुठीत होता. मेन स्विच पाडल्याशिवाय मूठ सुटली नाही.

निरोप आला तेव्हा लहानू टेबलावर होता. तो उठून सायकलकडे निघाला. त्याला एकट्याला सायकल चालवू देणं बरं नव्हतं म्हणून मी सोबत गेलो.

घाटावर वंदना झाली. लोक परतायला लागले तेव्हा लहानूने नत्थूजीच्या कारखान्यातल्या एका पोराला बाजूला घेतलं.

"होल्डर कुठं आहे?"

पोराने डब्याच्या पिशवीतून काढून दिला. पितळेवर तारा होता. लहानूने त्यावरून अंगठा फिरवला. मग तिथेच, घाटाच्या पायरीवर बसून, खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने त्याने होल्डर खोलला. मूठ सरकवली. आतून काळी भुकटी त्याच्या धोतरावर पडली. स्क्रू बोटानेच फिरत होता. त्याने तारांचा झुबका डोळ्यांजवळ नेला, मग डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखा बोटांनी चाचपला.

"नळी नाई," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं.

"मारोतराव, याच्यात नळी नाई. मंग तारा कोणी मारला?"

ठसा मी दिला हे मी त्याला तिथेच, घाटावरच सांगितलं. त्याआधी सांगायला माझ्याकडे सहा महिने होते. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने होल्डर परत जोडला, एक-एक स्क्रू जागच्या जागी बसवला आणि पोराच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मधुसूदन साहेबांच्या खोलीत गेला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, तुम्ही पुढच्या मालापासून म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. शेठ नाही म्हणाले. एवढ्या भावात नळी बसत नाही लहानू. मी बोललो त्यांच्याशी. दोनदा बोललो."

"मंग तारा काहून मारला? बिनताऱ्याचा धाडला असता. त्यायनं पट्टी गुंडाळली असती."

साहेबांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "जे झालं ते फार वाईट झालं. पण बाहेर बोलताना जपून बोल. तपासणीच्या कागदावर सही तुझी आहे. चौकशी झाली तर तो कागद निघेल. होल्डर चांगला आहे असं तूच लिहून दिलं आहेस."

"चांगला होताच साहेब."

"तेच तर," साहेब म्हणाले.

चौकशी झाली. टाकीच्या कारखान्यात एक अधिकारी आले, आमच्याकडेही आले. मला विचारलं, या होल्डरसाठी तांब्याची नळी स्टोअरमधून दिली होती का? मी म्हणालो, दिली होती. ते खरं होतं. पन्नासांपुरती दिली होती. किती होल्डरांसाठी दिली ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझ्या घरी तेव्हा चार माणसं खाणारी होती. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो.

लहानूने मात्र सगळं सांगितलं. तारा, नळी, ठसा, सगळं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. मग त्याला विचारलं, तुम्हाला दिसतं का नीट? तो म्हणाला, नाही. मग ही सही तुमची का? तो म्हणाला, हो.

महिन्याने अहवाल आला. हातमोजे घामाने ओले होते. कामगाराने आवश्यक खबरदारी घेतली नव्हती. त्या कारखान्यातले वेल्डर मुठीवर नेहमी रबराची पट्टी गुंडाळत असत. मृताने ती गुंडाळलेली नव्हती. सबब अपघात कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीमुळे झाला.

ते वाचून दाखवायला लहानूने मलाच सांगितलं. त्याला छापील अक्षरं आता दिसत नव्हती. मी वाचलं. शेवटच्या ओळीवर त्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

त्या रविवारी तो रंभाबाईकडे गेला. मी अंगणात उभा होतो. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. लहानू तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"वयनी, त्यानं पट्टी काहून नाई बांधली, तुम्हाले माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणाली. सूप चालूच होतं. "तुम्ही सांगितलं होतं ना भाऊजी, गरज नाई म्हणून. माह्यासमोरच तर सांगितलं."

"त्याच्यात नळी नव्हती. म्या बनवलेला नव्हता तो. मले माहीत नव्हतं वयनी."

"असन."

"तुम्ही मले काही बोला तरी."

तिने सूप खाली ठेवलं. "काय बोलू? तुम्हाले बोलून ते उठून येते का? माहे दोन पोरं शाळेत आहेत, मी त्यायचं पाहू का तुम्हाले बोलत बसू?" आणि जरा थांबून, "जा तुम्ही आता. पोरं येतीन."

त्यानंतर पावसाळाभर लहानू सुट्टीच्या दिवशी फिरत राहिला. लकडगंजची वर्कशॉपं, कामठी रोड, जिथे-जिथे होल्डर गेले असतील तिथे. ताऱ्यावर भरोसा ठेवू नका म्हणून सांगायचा. वेल्डर म्हणायचे, अरे, तुमचाच तर तारा होता ना? तुम्हीच तर म्हणत होते चांगला आहे म्हणून? मग तो होल्डर खोलून दाखवायला जायचा, तर मालक यायचा आणि नवा माल खोलू नको म्हणायचा. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या वेल्डरने त्याचं सगळं ऐकलं आणि म्हटलं, "तू खरं बोलून राह्यला असशील. पण मालक जे देते तेच आम्ही धरतो. हे नाई धरलं तर काय धरू?"

हे फिरणं शेठच्या कानावर गेलं. लहानूला नोकरीवरून काढलं नाही; काढलं असतं तर तो आणखी बोलला असता. खिडकीजवळचं टेबल बंद केलं. परत आलेला माल आता न खोलताच भंगारात जाऊ लागला. लहानूला जोडणीच्या शेडमध्ये बसवलं. बायका तिथे होल्डर जोडत. त्यांना काम शिकवायचं आणि पेट्या भरायच्या, हे त्याचं काम. त्याने ते घेतलं. घेतलं नसतं तर खाल्लं काय असतं? डोळे नसलेल्या वेल्डरला नागपुरात दुसरं काम नव्हतं.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत रंभाबाई गेटवर आली. टाकीच्या कारखान्याने तिला काही दिलं नव्हतं, अहवाल तसा होता ना. कोणीतरी तिला सांगितलं की आमच्याकडे बायका घेतात. सुपरवायझरने तिला घेतलं आणि शेडमध्ये पाठवलं. कोण आहे, कोणाची आहे, हे त्याने विचारलं नाही.

स्क्रूचे डबे पोचवायला मी तेव्हा शेडमध्येच गेलो होतो. लहानूने तिला आवाजावरून ओळखलं. उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला, कारण उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं.

"बसा वयनी," तो म्हणाला.

ती पाटावर बसली. त्याने तिच्या हातात पितळ दिलं, केबलचं टोक दिलं, मूठ दिली. कसं सरकवायचं ते दाखवलं. तारांचा झुबका आत घालायचा, एकही तार बाहेर राहू द्यायची नाही, मग स्क्रू.

ती पितळावरचा तारा पाहत होती.

"त्यायच्या हातात होतं ते हेच होय?"

"हो."

"असंच?"

"असंच."

तिने तारांचा झुबका आत घातला. स्क्रू लावला. पहिल्या वेळेला तिरपा बसला, तिने काढून पुन्हा लावला. "किती आवळू?"

"जेवढं आवळल्या जाते तेवढं. मंग थोडं थांबून पुन्हा एकदा."

"दोनदा आवळलं म्हंजे पक्कं राह्यते?"

शेडमध्ये दहा-बारा बायका होत्या, सगळ्यांचे हात चालू होते.

"काही दिवस राह्यते," तो म्हणाला.

तिने मान हलवली, तयार झालेला होल्डर पेटीत ठेवला आणि दुसरं पितळ उचललं. तिच्यासमोरचा डबा रिकामा होत आला होता. मी स्क्रूचा भरलेला डबा त्याच्या जागी ठेवला आणि स्टोअरमध्ये परत आलो.